फ्री एजन्सीची कुळकथा

१४ जानेवारी १९६४. बॉस्टन गार्डनमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना सुरू व्हायची वेळ झाली होती. प्रेक्षक आलेले, एबीसी वाहिनीचे कॅमेरे सज्ज, पण खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायला तयार नव्हते. बिल रसेल, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, सगळे आतच बसून. मागणी एकच होती: निवृत्तिवेतनाचा शब्द द्या, मगच खेळू. वेस्ट आणि बेलर यांच्या लेकर्स संघाचे मालक बॉब शॉर्ट यांनी आपल्या खेळाडूंना मुकाट्याने मैदानात उतरा असा निरोप धाडला. त्याने कोणी जागचं हललं नाही. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी स्वतः शब्द दिला आणि सामना उशिरा सुरू झाला. त्या रात्री सर्वोत्तम खेळाडू ठरला ऑस्कर रॉबर्टसन. पुढच्याच वर्षी तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला.

बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ उभा करायच्या आज तीन वाटा आहेत. ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा, ट्रेडमध्ये आपला देऊन दुसऱ्याचा घ्यायचा, किंवा करार संपलेल्या खेळाडूला थेट बोलावून घ्यायचं. यातल्या पहिल्या दोन वाटा मालकांनी आखल्या. तिसरी, म्हणजे फ्री एजन्सी, खेळाडूंनी कोर्टात भांडून मिळवली.

रॉबर्टसनची स्वतःची कारकीर्दच पाहा. तो सिनसिनाटी विद्यापीठात खेळायचा. तेव्हा ड्राफ्टमध्ये प्रादेशिक निवडीचा नियम होता. पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडायची आणि त्या बदल्यात आपल्या भागातला खेळाडू हक्काने घ्यायचा. तिकिटं खपावीत हा त्यामागचा हेतू. १९६० मध्ये सिनसिनाटी रॉयल्सने त्याला असंच घेतलं. त्याच्या पसंतीचा प्रश्नच नव्हता. आयपीएलच्या लिलावातही कुठल्या संघात जायचं हे खेळाडूच्या हातात नसतंच, पण तिथे निदान बोली लागते.

खरी अडकण करारात होती. मुदत संपली तरी आणखी एका वर्षासाठी करार वाढवायचा अधिकार क्लबकडे राही, आणि ते एक वर्ष कधी संपतच नाही असा अर्थ मालक लावत. क्लबने सोडलं किंवा विकलं, तरच सुटका. १९६७ मध्ये एबीए ही दुसरी लीग निघाली आणि पगार वाढू लागले. तिकडे निघालेल्या रिक बॅरीला मात्र कोर्टकचेऱ्यांपायी १९६७-६८ चा अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं.

ही स्पर्धा मालकांना महाग पडू लागली, तेव्हा दोन्ही लीग एक करायचा घाट घातला गेला. लीग एकच राहिली तर खेळाडूने जायचं कुठे? एप्रिल १९७० मध्ये संघटनेने खटला भरला आणि त्यावर नाव घातलं अध्यक्षाचं: रॉबर्टसन विरुद्ध एनबीए. त्याच महिन्यात रॉयल्सने त्याला ट्रेडमध्ये मिलवॉकी बक्सकडे धाडलं. तिथे त्याने १९७१ चं विजेतेपद जिंकलं, १९७४ मध्ये तो निवृत्त झाला, तरी खटला चालूच होता.

तडजोड झाली १९७६ मध्ये. मुदतीनंतरही बांधून ठेवणारं ते कलम गेलं आणि मगच एबीएचे चार संघ एनबीएत आले. तरीही वाट पुरती मोकळी नव्हती. खेळाडू गेला तर जुन्या क्लबला भरपाई मिळे. पुढे त्याऐवजी नव्या क्लबइतकी रक्कम मोजून त्याला ठेवून घ्यायचा हक्क जुन्या क्लबला मिळाला. १९८८ च्या करारात अनुभवी खेळाडूंसाठी ही अटही सुटली आणि त्या उन्हाळ्यात सिएटलचा टॉम चेंबर्स पहिला पूर्णपणे मुक्त खेळाडू म्हणून फिनिक्सकडे गेला.

फिनिक्सचा तो संघ मला फार आवडतो, कारण तिन्ही वाटा त्यात एकत्र येतात. आधीच्या हंगामात ८२ पैकी जेमतेम २८ विजय. फेब्रुवारी १९८८ मध्ये क्लबचे प्रमुख जेरी कोलांजेलो यांनी लॅरी नॅन्ससारखा मोहरा क्लीव्हलँडला देऊन कोवळ्या केव्हिन जॉन्सनला आणलं. त्याच सौद्यात हाती आलेल्या ड्राफ्टच्या पाळीवर डॅन मार्ली मिळाला. वर चेंबर्स आला. पुढच्या हंगामात विजय झाले ५५, आणि चेंबर्सची सरासरी सामन्यामागे २५ गुणांच्या वर गेली. केवळ ड्राफ्टच्या भरवशावर राहिले असते, तर एका वर्षात इतकी मजल मारणं अवघड होतं.

रॉबर्टसनची ओळख आजही १९६१-६२ च्या ट्रिपल-डबल सरासरीने (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दुहेरी आकड्यांत) करून देतात. पुढे २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकनेही ते करून दाखवलं. माझ्या मते रॉबर्टसनचं मोठं काम तो खटलाच आहे. ज्या हक्कासाठी तो लढला, त्याचा लाभ त्याला स्वतःला एकदाही घेता आला नाही.