बोर्ट : हिऱ्यांच्या कुळातला अनौरस

'बोर्ट' हा शब्द आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकला असेल. मळकट रंगाचा, भेगाळलेला, ज्याचे रत्न होऊ शकत नाही असा हिरा म्हणजे बोर्ट. 'अनौरस' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. रत्नांच्या कुळात ज्याला स्थान नाही, तो बोर्ट!

गंमत अशी, की या अनौरसाशिवाय रत्नही घडत नसे. बोर्ट कुटून त्याची भुकटी तेलात कालवायची, फिरत्या लोखंडी चकतीला लावायची आणि तिच्यावर हिऱ्याला पैलू पाडायचे. पण हिरा हिऱ्याला कसा झिजवतो? हिऱ्याचे काठिण्य सर्व दिशांना सारखे नसते. भुकटीतले कण वाटेल तसे पडलेले असल्याने काहींची अधिक कठीण बाजू पैलूला भिडतेच.

बोर्टचा भाऊबंद म्हणजे 'कार्बोनाडो'. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सापडलेल्या काळ्या हिऱ्याचे हे पोर्तुगीज नाव. अर्थ 'कोळसा झालेला'. एकसंध हिरा कठीण असला, तरी ठरावीक प्रतलांवर ठोका बसताच दुभंगतो. कार्बोनाडो असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. त्यात आरपार सलग प्रतल नसल्याने तो चिवट असतो. १८६२ च्या सुमारास लेशो यांनी नळीच्या तोंडाशी असे हिरे बसवून खडक कापणारे यंत्र बनवले.

दोन प्रचंड हिरे पाहा. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन ३१०६ कॅरटचा. त्याचे तुकडे ब्रिटिश राजदंडात व राजमुकुटात विराजले. बाहियातला काळा 'सर्जिओ' ३१६७ कॅरटचा, म्हणजे त्याहून जड. तो फोडून खडक कापणाऱ्या यंत्रांना लावला गेला. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मात्र कलिननच विचारतात!

दुसऱ्या महायुद्धात पोलादाहून कठीण हत्यारांना धार लावण्यासाठी बेल्जियन काँगोतला बोर्ट मोलाचा ठरला. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. आज उद्योगांतले बहुतेक सारे हिरे कृत्रिमच असतात.

काठिण्य आणि चिवटपणा यांची गल्लत बोलण्याच्या ओघात आम्हा संशोधकांकडूनही होते. म्हणून 'हिरा सर्वांत कठीण' असे वर्गात सांगताना काचेचा तुकडा व तांब्याची तार जवळ ठेवावी. तारेने काचेवर ओरखडा उठत नाही. पण खाली पडल्यावर फुटते ती काच. मग मुलांनाच विचारावे : दोघांत बळकट कोण?