प्रथिनभंजक विकरे आणि मूत्रपिंडाचा कर्करोग : एका आशेची हकिकत

प्रथिने फोडणारी विकरे आमच्या ओळखीची आहेत ती पोटातली. जठरातले पेप्सिन थिओडोर श्वान याने 1836 साली वेगळे काढले, आणि विकर म्हणजे अन्न पचविणारा रस, अशी समजूत रूढ झाली. परंतु शरीर प्रसंगी स्वतःलाही पचविते. बेडकाचे पिल्लू मोठे होताना त्याची शेपटी गळून पडत नाही. ती जागच्या जागी विरते. अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी अशा शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तो तुकड्यांभोवतीचा थर विरघळून गेला. कोलॅजेन हे कातडी, स्नायुबंध, हाडे यांना बळकटी देणारे चिवट प्रथिन. ते तोडणारे विकर प्राण्याचे स्वतःचेच असते, हे 1962 साली असे सिद्ध झाले.

बेडकाच्या शेपटीचा आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा संबंध काय, असे श्रोते विचारतील. कर्करोग घातक ठरतो तो मुख्यतः घर सोडून निघतो म्हणून. मूत्रपिंडाचा कर्करोग तर शिरेत शिरतो, कधी महाशिरेपर्यंत चढतो, आणि फुप्फुसांत व हाडांत जाऊन बसतो. वाटेत पेशींच्या थराखालचे कोलॅजेनचे पातळ पटल आडवे येते. उंदरांची जी अर्बुदे अधिक पसरतात, त्यांच्यात हे पटल तोडण्याची शक्तीही अधिक असते, हे लान्स लिओट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली दाखविले. शरीरात या विकरांना आवरणारी निरोधकेही असतात. मग निरोधक द्यावे आणि चोराच्या हातची पहार काढून घ्यावी, हा विचार किती सरळ वाटला असेल!

निरोधकांचा एक शोध कूर्चेत झाला, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या शिरत नाहीत. रॉबर्ट लँगर यांनी बॉस्टन येथे जुडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत 1976 साली वासराच्या कूर्चेतून रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारा अंश काढला; 1983 साली शार्कच्या कूर्चेचाही तसाच गुण आढळला. शार्क, म्हणजे आमच्या कोकणात जिच्या जातभाईंचे कालवण होते ती मुशी. तिचा सांगाडाच कूर्चेचा, तेव्हा मालाला तोटा नाही. 1992 साली शार्कला कर्करोग होतच नाही असे मथळ्यातच सांगणारे एक इंग्रजी पुस्तक निघाले, आणि कूर्चेची भुकटी दुकानोदुकानी विकली गेली. वास्तविक शार्कलाही कर्करोग होतो. पण आशेच्या बाजारात असली विचारपूस कोण करतो?

काही शास्त्रज्ञांनी मात्र हा प्रश्न नीट कसोटीला लावला. कूर्चेचा शुद्ध केलेला द्रव अर्क, निओव्हास्टॅट, मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर देण्यात आला. या रोगावर नेहमीची रासायनिक औषधे जवळजवळ निष्फळ ठरत, आणि त्याचे अर्बुद रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले असते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 22 रुग्णांच्या पाहणीत दिवसाला 240 मिलिलिटर घेणारे मध्यमानाने 16 महिने जगले, 60 मिलिलिटर घेणारे 7. मात्र 302 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत खरा अर्क घेणारे आणि नुसते तसेच दिसणारे पेय घेणारे यांच्या आयुष्यात फरक पडला नाही. 2007 साली हा निकाल छापून आला. निकाल कडू खरा. पण तो लपविला गेला नाही, याचे आम्हाला मोल वाटते.

मॅरिमास्टॅट या कृत्रिम निरोधकानेही इतर कर्करोगांत निराशाच केली, वर सांधे दुखविले ते वेगळेच. ही विकरे शरीराची नित्याची डागडुजी करतात, आणि त्यांतले एक तर कर्करोगाला आवरते, असे 2003 साली उंदरांत दिसले. मूत्रपिंडाच्या अर्बुदांत 2001 साली याहून चमत्कारिक गोष्ट आढळली होती : जिथे विकरे वाढलेली, तिथे निरोधकेही वाढलेली, आणि दोन्ही वाढणे रोग्याला अशुभच. म्हणजे निरोधक हा निव्वळ पहारेकरी नव्हे.

वाट सापडली ती उलट्या दिशेने. या रोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात व्हीएचएल नावाचे जनुक बहुधा बिघडलेले असते. ते 1993 साली सापडले. त्याचे प्रथिन एचआयएफ या दुसऱ्या प्रथिनावर नाशाची खूण करते, आणि पेशीतले प्रथिनभंजक यंत्र त्याचा फडशा पाडते, हे पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने 1999 साली दाखविले. खूण झाली नाही की एचआयएफ साचते आणि रक्तवाहिन्यांना बोलावणे धाडते. रोगाच्या मुळाशी प्रथिनाचा नाश फार होणे नव्हते. व्हायला हवा तो नाश न होणे होते! रक्तवाहिन्यांना जाणारे ते बोलावणे अडविणारी सोराफेनिब व सुनिटिनिब ही औषधे 2005 व 2006 साली अमेरिकेत मान्य झाली. एचआयएफच्याच एका प्रकाराला धरणारे बेल्झुटिफॅन प्रथम 2021 साली व्हीएचएलच्या आनुवंशिक विकारात मान्य झाले, आणि 2023 साली मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगात.