परदेसिया-विरोध, रायपूर

परदेसिया-विरोध : छत्तीसगढबाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना तिथल्या बोलीत ‘परदेसिया’ म्हणतात. जमीन, नोकऱ्या आणि सत्ता या लोकांनी बळकावल्याच्या भावनेतून उभा राहिलेला रोष म्हणजे परदेसिया-विरोध. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य स्थापन होऊन रायपूर राजधानी झाल्यावर त्याला राजकीय धार आली. या रोषामागचे गाऱ्हाणे खरे आहे, पण तो निघतो भलत्याच माणसावर.

आल्यागेल्यांना वगळले तर रायपूरचा इतिहास सांगताच येत नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीनंतर छत्तीसगढमधले रतनपूरचे राज्य भोसल्यांकडे गेले आणि 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करेपर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ सोडला तर, इथला कारभार नागपूरच्या हुकमाने चालला. मराठी माणूस इथे प्रथम आला तो मजूर म्हणून नव्हे, वसुली करणारा म्हणून. परदेसियांच्या यादीतून त्याने स्वतःला वगळू नये. तात्यापारा ही वस्ती आणि 1935 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ ही त्याच्या मुक्कामाची खूण. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. 1964 नंतर पूर्व पाकिस्तानातील बंगाली निर्वासितांना शहराजवळच्या माना छावणीत ठेवून पुढे दंडकारण्यात धाडले गेले. ही माणसे इथे स्वतःच्या पसंतीने आली नव्हती, तरी परकेपणाचा शिक्का त्यांच्यावरही बसलाच.

यावर पहिला आक्षेप असा, की रायपूरजवळच्या उर्ला-सिलतराचे कारखाने आणि भिलाईचा पोलाद प्रकल्प यांसाठी जमीन गेली स्थानिकांची, चांगल्या जागा मात्र मिळाल्या बाहेरच्यांना. आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण जमीन कोणी घेतली आणि भरती कोणी केली, याचे उत्तर सरकार आणि कारखानदार यांच्याकडे आहे. बिहारहून आलेल्या हमालाला बदडून गेलेले शेत परत मिळत नाही. कामगारनेते शंकर गुहा नियोगी स्वतः बंगालमधून आलेले. दल्ली-राजहराच्या खाणींत त्यांनी 1977 मध्ये स्थानिक कंत्राटी मजुरांची संघटना बांधली आणि 1857 मध्ये रायपुरात फासावर गेलेल्या वीर नारायण सिंह यांचे स्मरण तिच्या चळवळीच्या केंद्रस्थानी आणले. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत त्यांचा खून झाला. छत्तीसगढी मजुराच्या बाजूने इतक्या ठामपणे उभा राहिलेला हा नेता जन्माने परदेसियाच होता.

दुसरा आक्षेप घुसखोरीचा. बेकायदा आलेल्या परदेशी नागरिकाला शोधणे हा राज्याचा अधिकारच आहे, त्यावर वाद नाही. परंतु बोलीवरून आणि पेहरावावरून नागरिकत्व ठरवू लागले की काय होते, हे 2025 मध्ये दोनदा दिसले. जुलैत छत्तीसगढच्या कोंडागाव जिल्ह्यात पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील नऊ मजुरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. नंतर त्यांना सोडावे लागले. 17 डिसेंबरला केरळमधील पालक्काड जिल्ह्यात वालयारजवळ कामाच्या शोधात नुकत्याच पोहोचलेल्या एका मजुराला जमावाने चोरीच्या संशयावरून पकडले, ‘बांगलादेशी आहेस का’ असे दरडावत मारहाण केली आणि त्यात तो मेला. तो छत्तीसगढच्या सक्ती जिल्ह्यातला होता. धानाची कापणी उरकली की इथली हजारो कुटुंबे तांदूळ, भांडी आणि अंथरूण बांधून वीटभट्ट्यांवर ‘कमाय-खाय’ जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. परराज्यात तेच परदेसिया ठरतात. ऑक्टोबर 2008 मध्ये मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, तेव्हाही ‘स्थानिकांच्या नोकऱ्या’ हाच युक्तिवाद होता. स्थानिक उमेदवाराच्या वाट्याचा प्रश्न भरतीच्या नियमांतला आहे. परीक्षाकेंद्राबाहेर तो सुटणार नव्हता आणि सुटलाही नाही.

सहिष्णुता म्हणजे गाऱ्हाणे गिळणे नव्हे. रोजगारात स्थानिकांना वाटा, भूसंपादनाचा रास्त मोबदला, स्थलांतरित मजुरांची नोंदणी या मागण्या जोरात मांडता येतात आणि मांडायला हव्यात. राज्यघटनेचा अनुच्छेद 19 नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क देतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103, पोटकलम 2 नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणावरून खून केल्यास प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. अशाच जमावाने त्याच कारणावरून जबर दुखापत केल्यास कलम 117, पोटकलम 4 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे.