धारेच्या दगडातला उजेड

बालमित्रांनो, बाजारात धारवाला चाक फिरवतो तेव्हा सुरीतून ठिणग्या उडतात. ते तापलेल्या लोखंडाचे कण. पण धारेची काही चाकं ज्या कार्बोरंडमची असतात, त्याच्या स्फटिकातून तापवल्याशिवायही उजेड निघतो, हे 1907 साली दिसलं.

हेन्री राउंड हा ब्रिटिश अभियंता तेव्हा स्फटिकांतून वीज कशी वाहते ते तपासत होता. 10 व्होल्ट जोडताच एक स्फटिक पिवळसर उजळला. त्यानं एका नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं; फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढं रशियात ओलेग लोसेव्हनं हाच उजेड वर्षानुवर्षं अभ्यासला. 1942 मध्ये, लेनिनग्राडच्या वेढ्यात, तो उपासमारीनं गेला.

उजेड पडतो कसा? आपलं भोरचं भाटघर धरण आठवा. वरचं पाणी खाली पडतं, त्या जोरावर जनित्र फिरतं. स्फटिकातही वीज इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढवते. तो खालच्या पायरीवर उतरला, की सुटलेली ऊर्जा प्रकाश होते. उतार लहान तर रंग तांबडा, मोठा तर निळा. तांबडा दिवा निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये पेटवला. निळ्याला लागणारे गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक बनेनात, म्हणून तो 1990च्या दशकापर्यंत रखडला. त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळ्या चकाकणाऱ्या भुकटीचा थर दिला, की आपला पांढरा एलईडी तयार!

वेल्ह्याच्या डोंगरात पावसाच्या तोंडावर काजवे लुकलुकतात. त्यांचा उजेडही थंडच. पण तो विजेचा नव्हे, अंगातल्या रसायनांचा. जुन्या बल्बची तार मात्र तापून लाल-पिवळी व्हायची आणि बहुतेक वीज उष्णतेतच जायची. त्या 60 वॅटच्या एका बल्बच्या विजेत आज 9 वॅटचे सहा एलईडी पेटतात.

भाटघर 1928 मध्ये पुरं झालं. वीज तिथं 1977 पासून होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. तिथं कधी दिवेलागण होत असे. कुणी तरी आपलं अंगण पाण्याला दिलं, तेव्हा धरण भरलं. म्हणून दिवा स्वस्त झाला तरी मी त्याला फुकटचा म्हणत नाही. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करा, मुलांनो.