साग, साज आणि टीक : एका काष्ठनामाचा प्रवास

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील करावे हे आगरी-कोळ्यांचे गाव आज नवी मुंबईत सामावले आहे. १९९३ पासून तेथे 'चाणक्य' ही नौकाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था आहे. 'डफरिन' (१९२७) आणि 'राजेंद्र' (१९७२) या शिक्षणनौकांची ती किनाऱ्यावरील उत्तराधिकारिणी होय. नौकाशास्त्राच्या इंग्रजी परिभाषेत जहाजाच्या ज्या उत्तम लाकडास 'टीक' म्हणतात, त्यालाच खाडीकाठच्या मराठीत साग किंवा सागवान म्हणतात. एकाच काष्ठाची ही दोन नावे दोन निरनिराळ्या कुळांतील आहेत. आणि त्यांवरून इतिहासकारांनी काढलेली काही अनुमाने तपासून पाहण्याजोगी आहेत.

'साग' हा शब्द संस्कृत 'शाक' पासून प्राकृतद्वारा आलेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पलंग व आसने यांसाठी योग्य मानलेल्या वृक्षांत शाकाची गणना आहे. अरबीत याच लाकडाला 'साज' म्हणतात. अरबीत परभाषेतील 'ग' चा सामान्यतः 'ज' होतो; तेव्हा 'साज' च्या मुळाशी 'साग' हे रूप असले पाहिजे, 'शाक' नव्हे. म्हणजे हा शब्द ग्रंथांतून गेला नाही. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या बोलींतून, ओंडक्यांबरोबर गेला. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' मध्ये भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालात इमारती लाकूड आहे. तेथील एका शब्दाचा हस्तलिखितातील पाठ संदिग्ध असून, तो सागवाचक शब्दाचा अपभ्रष्ट पाठ असावा असे काही संपादक मानतात. दुरुस्ती आकर्षक आहे. परंतु दुरुस्त केलेल्या पाठावर शब्दाचा इतिहास उभारू नये हेच बरे. सहाव्या शतकात कॉस्मसने कल्याणच्या निर्यातीत शिसवीच्या ओंडक्यांचा उल्लेख केला आहे. दहाव्या शतकातील इस्तख्री सिराफ बंदरातील घरे साज आणि झांज देशाचे लाकूड यांची असल्याचे सांगतो.

'टीक' चे मूळ दक्षिणेत आहे. मलयाळम 'तेक्कु', त्यावरून पोर्तुगीज 'तेका', त्यावरून इंग्रजी 'टीक'. वनस्पतिशास्त्रातील 'टेक्टोना' हे नावही त्याच घराण्यातील.

यावरून अरबांचे लाकूड कोकणातले व युरोपीयांचे मलबारातले, असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. पोर्तुगीज १४९८ मध्ये मलबारला उतरले आणि तेथे ऐकलेले नाव त्यांनी कायम ठेवले. पुढे वसई दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात होती आणि उत्तर कोकणच्या रानांतील सागाशी त्यांचा परिचय होता, तरी नाव बदलले नाही. नाव प्रथम भेटीची साक्ष देते, पुढील प्रत्येक ओंडक्याच्या जन्मस्थानाची नव्हे. सिराफच्या तुळया कोणत्या रानातल्या, हे 'साज' शब्दावरून ठरत नाही.

हे लाकूड इतक्या दूर का नेले जाई, याचे उत्तर त्याच्या गुणांत आहे. सागाचे मध्यकाष्ठ तेलकट असते आणि त्यातील द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी त्यास सहसा लागत नाही. रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते, म्हणून जाणता सुतार ते काढून टाकतो. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरास सुमारे ६५० किलोग्रॅम भरते. बळाच्या मानाने हे हलके आहे. पाण्यात भिजून पुन्हा वाळताना त्याची फळी फार कमी आकसते. त्यातील वालुकाद्रव्यामुळे करवतीची धार लवकर बोथट होते, हा त्याचा दोष. परंतु नौकेच्या दृष्टीने निर्णायक गुण लोखंडाशी असलेल्या संबंधाचा होय. ओकमधील आम्लद्रव्यांमुळे लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड खराब होते. सागात खिळा टिकतो. पडावाची वाकडी अंगे बाभळीसारख्या लाकडाची केली, तरी पाण्याशी झुंजणाऱ्या फळ्यांना साग हवा, तो यामुळेच.

मराठी राज्यकर्त्यांना हे मूल्य ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१६) आरमारासाठी सागवानादि झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, उणे पडल्यास परमुलखातून खरेदी करावी, आणि रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये, असा दंडक आहे. सागाचे झाड आणि रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेले झाड यांतील हा भेद पुढे इंग्रजी अमलात तितका जपला गेला नाही.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि गोदीला वंशपरंपरागत कारागीर लाभले. नेपोलियनच्या युद्धांत ओकची टंचाई झाली तेव्हा या गोदीचे महत्त्व वाढले. 'मिंडेन' (१८१०), 'कॉर्नवॉलिस' (१८१३) या युद्धनौका येथेच बांधल्या गेल्या. लाकडाची मागणी रानांच्या कुवतीपलीकडे गेली. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. सागावर कंपनीची मक्तेदारी आली आणि खाजगी मालकांच्या व व्यापाऱ्यांच्या असंतोषामुळे मन्रोच्या कारकिर्दीत ती उठवावी लागली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. गिब्सन वनसंरक्षक झाले. १८१७ मध्ये मुंबईत मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. ती बांधणाऱ्या पारशी कारागिरांच्या गुजरातीतही या लाकडाचे नाव 'साग' असेच आहे.