राजगृह हिंदू कॉलनीत का बांधले?

दिवाळीनंतर आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकाने मोहोळमध्ये फ्लॅट बघायला सुरुवात केली. बायकोही नोकरीला, दोघांचे पगार, बँकेचे कर्ज मंजूर. हायवेच्या अंगाला नवी इमारत उठत होती, बाहेर 'बुकिंग चालू'चा बोर्ड. ऑफिसातल्या माणसाने चहा पाजला, नकाशा दाखवला, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडला. मग पावतीसाठी नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर मूळ गाव विचारले. गाव सांगितल्यावर, गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारले. चार दिवसांनी फोन आला की दुसऱ्या मजल्यावरचे सगळे गेले. त्याच दुपारी मी एका वेगळ्या आडनावाच्या मित्राला तिथे फोन करायला लावला. दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट शिल्लक होते.

शिक्षक म्हणाला, "जाऊ द्या ताई, वस्तीतच वरचा मजला काढतो." हा लेख त्या 'जाऊ द्या'शी भांडण्यासाठी लिहिते आहे.

आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा एक आवडता सिद्धांत आहे: पैसा आला की जात मागे पडते, शहराला जात नसते. मोहोळ आता खेडे राहिलेले नाही. हायवे आहे, रेल्वे आहे, चिंचोळीची एमआयडीसी जवळ आहे, बाहेरून माणसे येतात. विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे या तालुक्याचा आमदार अनुसूचित जातीचाच असतो. दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी मात्र तसा असलेला चालत नाही. गावात घर कुठल्या बाजूला, या प्रश्नाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. आमच्या भागात महारवाड्याला राजवाडा म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलत नाही, आणि विचारणाऱ्याला 'भीमनगर' ऐकूनही हवे ते कळते.

हा प्रश्न जुना आहे. तो किती जुना आणि कुणी कसा सोडवला हे पाहायचे तर दोन सालांकडे बघावे लागते, १९१५ आणि १९१७.

१९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी तिचे प्रवर्तक. मुंबईतली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि ती एका जातीच्या लोकांनी आपल्या लोकांसाठी काढलेली. त्यामागची अडचण खरी होती. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कारकुनांना भाड्याची घरे परवडत नव्हती, आणि एकत्र येऊन भांडवल उभे करणे हा शहाणपणाचा मार्ग होता. पण एकत्र कोण आले? ज्यांच्यात आधीपासून रोटीबेटी होती ते. 'सोसायटी' हा शब्द आज आपण इमारतीसाठी वापरतो, तिची आपल्याकडची सुरुवात जातीच्या पायावर झाली आहे. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा वसवले, तेव्हाही पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंग्याला तमिळ मंडळी अशीच मांडणी झाली. नवे रस्ते, नवी गटारे, खेळती हवा, आणि शेजारी मात्र जुने.

आता १९१७. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोजचे दीड रुपया भाडे देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून धमकावून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडे विचारून झाले, दोघांनी वेगवेगळ्या सबबी सांगितल्या. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सगळे लिहून ठेवले. आपण हा प्रसंग भाषणात ऐकतो, डोळे पाणावतात आणि पुढे जातो. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हाकलणारे हिंदू नव्हते. धर्म वेगळा, देव वेगळा, तरी विटाळ तोच. आणि पैशाचा प्रश्न तिथेही नव्हता. भाडे रोजच्या रोज मिळत होते. पैसा आला की जात जाते म्हणणाऱ्यांनी त्या दीड रुपयाचा विचार करावा.

मग बाबासाहेबांनी स्वतःचे घर कुठे बांधले? परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत त्यांनी वीसेक वर्षे काढली होती. आजूबाजूला गिरणी कामगार, आपली माणसे. हवे असते तर तिथेच आसपास बांधता आले असते. त्यांनी जागा घेतली दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि घराला नाव दिले राजगृह, बिंबिसाराच्या मगधाच्या राजधानीचे. कॉलनीचे नाव हिंदू, घराचे नाव बौद्ध इतिहासातले. २७ मे १९३५ रोजी माता रमाई याच घरात गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा करणारा माणूस हिंदू कॉलनीचा रहिवासी होता. धर्म सोडणे म्हणजे शहरातली चांगली जागा त्यांना सोडून देणे नव्हे, हे त्यांनी राहून दाखवले.

यावर आपलेच कार्यकर्ते मला अडवतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनीच तर स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या. खरे आहे. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र गावांचा ठराव झाला, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यासाठी सेटलमेंट कमिशनची मागणी आहे. पण ती मागणी नीट वाचा. तिच्यात सरकारी पडीक जमीन आहे. गावात आपला माणूस भाकरीसाठी सवर्ण शेतकऱ्यावर अवलंबून होता. नाही म्हटले की कामही बंद आणि पाणीही बंद. त्या गुलामीतून सुटायचे तर कसायला जमीन आणि वेगळे गाव, असा तो हिशोब होता. शहरात तुमचा पगार शेजाऱ्याच्या हातात नसतो. म्हणून शहरात त्यांनी स्वतः वेगळा निर्णय घेतला. १९४२ चा ठराव दाखवून आज 'बौद्धांची वेगळी सोसायटी' काढणाऱ्यांनी जमिनीची अट गाळली आहे. अशा सोसायट्या काढणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, अपमान सोसून माणूस थकतो. पण त्याला बाबासाहेबांचा कार्यक्रम म्हणू नका.

शिवाय वेगळेपणाचा कायदा कुणाच्या कामी येतो? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की सहकारी संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवता येते. पारशांची संख्या रोडावते आहे, त्यांची भीती मी समजू शकते. पण तो दरवाजा एकट्या पारशांसाठी उघडत नाही. आपली माणसे आपल्यात ठेवण्याचा हक्क सगळ्यांना सारखा दिला, की ज्याच्याकडे चांगली जमीन आधीपासून आहे त्याचा फायदा. आपल्या वाट्याला पुन्हा ओढ्याकाठची जागा.

उलट बाजूचा कायदाही आहे आणि तो आपण वापरत नाही. संविधानाच्या कलम १५(२) मधल्या 'दुकाने' या शब्दावर १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, सेवा देणारा जो कुणी असेल तो त्यात येतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शैक्षणिक प्रवेशाच्या खटल्यात याच उत्तराचा आधार घेतला. 'बुकिंग चालू'चा बोर्ड लावलेले ऑफिस हे दुकान नाही तर काय आहे? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये तर कोणत्याही भागात राहते घर बांधणे, घेणे, त्यात राहणे याला अस्पृश्यतेवरून आडकाठी करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. तोंडावर जात कुणी काढत नाही, मग सिद्ध कसे करायचे? त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झाले असेल, तर ते अस्पृश्यतेवरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे समोरच्याने दाखवायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या यादीत आहे, पण त्यासाठी हातात दाखला लागतो. 'आता आम्हाला जात नाही' म्हणून दाखला न काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जात नाकारण्याची लढाईही कागदावरच लढावी लागते.

आणि फ्लॅट मिळाल्यावर सोसायटी सभासद करून घेत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात तीन महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. पण त्यासाठी अर्ज लेखी हवा, पोच हवी. आपले बहुतेक नकार तोंडी असतात आणि आपल्या तक्रारीही तोंडीच राहतात.

शिक्षकाशी तीन वेळा बोलले. त्याची बायको पहिल्याच वेळी तयार झाली. तिने विचारले, "दुसऱ्या मजल्यावरचे गेले असतील तर कुणाला गेले ते लिहून मागता येतं का?" कुणाला गेले ते नाही, पण दुसऱ्या मजल्यावर काय शिल्लक आहे आणि आम्हाला का नाही, हे लेखी मागता येते. त्या दोघांच्या सहीचे पत्र स्पीड पोस्टाने गेले आहे. सोबत जातीच्या दाखल्याची आणि कर्जमंजुरीच्या पत्राची प्रत जोडली आहे. पोच आली, उत्तर अजून नाही.