स्पॅनिश उच्चारांची कुळकथा

माद्रिद शहरांत पांच या संख्येचा शब्द उच्चारतांना जिभेचें टोंक प्रथम दांतांमध्यें येतें. मेक्सिकोंत त्याच शब्दाचा उच्चार सरळ 'सिंको' असा होतो. स्पॅनिश शिकूं लागलेला विद्यार्थी येथेंच अडखळतो. अक्षरें तींच, शब्द तोच. मग शुद्ध उच्चार कोणता?

या प्रश्नाचें एक चटकदार उत्तर फार दिवस प्रचारांत आहे. कॅस्टिलचा कोणी राजा म्हणे बोबडा होता. दरबाऱ्यांनीं त्याची नक्कल केली आणि राजाचें व्यंग हाच प्रजेचा शिष्टाचार होऊन बसला! ही गोष्ट बहुधा पेद्रो राजाच्या माथीं मारली जाते. परंतु पेद्रो १३६९ सालीं मारला गेला, आणि हा उच्चार आकाराला आला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. शिवाय बोबडा मनुष्य प्रत्येक सकार बोबडाच उच्चारील. माद्रिदचा रहिवासी मात्र घराला स्वच्छ 'कासा' म्हणतो. शिकारीच्या शब्दांत तेवढी जीभ दांतांमध्यें आणतो. तेव्हां हें व्यंग नव्हे, वर्णभेद आहे.

खरी हकीकत राजापेक्षां अधिक मनोरंजक आहे. १४९२ सालीं आंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानें कॅस्टिलियन भाषेचें व्याकरण सालामांका येथें प्रसिद्ध करून इसाबेला राणीला अर्पण केलें. त्याच वर्षीं कोलंबसाचीं जहाजें पश्चिमेकडे निघालीं. त्या सुमाराच्या भाषेंत ऊष्म वर्णांच्या तीन जोड्या होत्या. पहिली जोडी मराठी माणसाला परकी नाहीं: 'चूल' शब्दांतील च आणि 'जाळें' शब्दांतील ज. दुसरींत स व त्याचा घोष जोडीदार. तिसरींत श व त्याचा घोष जोडीदार. पुढें घोष-अघोष हा भेद लोपला व तीनच वर्ण उरले. पण तेहि एकमेकांच्या इतके निकट होते कीं, ऐकणाराची गफलत व्हावी. उत्तरेंत त्यांनीं परस्परांपासून दूर सरून आपापलें अस्तित्व राखलें. चुलींतला च दांतांकडे आला, श कंठाकडे गेला, स मध्येंच राहिला. दक्षिणेंत, सेव्हिलच्या परिसरांत, श कंठाकडे गेला खरा. परंतु पहिले दोन वर्ण एकमेकांत मिसळून गेले.

सेव्हिलचें हें वळण अर्ध्या जगाचें वळण व्हावें, याला व्यापार कारण झाला. १५०३ सालीं अमेरिकेच्या व्यापाराचें सरकारी कार्यालय तेथें स्थापन झालें, आणि १७१७ सालीं तें कादिसला जाईपर्यंत नव्या जगाचा राजमार्ग त्याच नगरांतून जात होता. आरंभींच्या वसाहतवाल्यांत दक्षिणेचे लोक पुष्कळ होते. त्यांच्याबरोबर त्यांचा सकारहि समुद्रापार गेला. त्यामुळें 'शिजविणें' व 'शिवणें' या अर्थाचीं दोन क्रियापदें अमेरिकेंत सारखींच ऐकूं येतात. पण लोकव्यवहार अडत नाहीं. तेथील गृहिणीनें स्वयंपाकासाठीं दुसरें क्रियापद पत्करून वाद मिटविला आहे.

कंठाकडे गेलेल्या शकारानेंहि आपल्या खुणा मागें ठेवल्या. सेर्व्हांतेसची कादंबरी १६०५ सालीं निघाली, तेव्हां तिच्या नायकाच्या नांवांतील जुना शकार सर्वस्वीं लोपला नव्हता. फ्रेंच व इटालियन लोक तें नांव आजहि शकारानेंच उच्चारतात. स्पेनमध्यें तेथें ख सारखा घर्षक ध्वनि ऐकूं येतो.

उच्चारभेदाबरोबर अधिकाराचा वादहि आला. १७१३ सालीं माद्रिदला राजकीय अकादमी स्थापन झाली आणि शुद्धाशुद्धाचा निवाडा एका नगरांत होऊं लागला. त्याला सौम्य पण ठाम उत्तर दिलें तें काराकासला जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो यानें. चिली देशांत १८४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याकरणांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, सुशिक्षितांच्या एकरूप रूढीचा आधार असेल तर आंदालुसियाच्या भेदांना जी सवलत, तीच चिली व व्हेनेझुएला यांनाहि मिळाली पाहिजे. हाच बेल्यो चिलीच्या लोकांना 'तूं' या अर्थीं 'व्होस' म्हणण्याबद्दल रागें भरत असे! आर्जेंटिनांत तोच 'व्होस' आज सुशिक्षितांच्या तोंडीं प्रतिष्ठेनें नांदत आहे.

उच्चारांचें शास्त्रशुद्ध वर्णन तोमास नाव्हारो तोमास यानें १९१८ च्या ग्रंथांत केलें. पुढें १९३१ पासून त्याच्या मार्गदर्शनाखालीं खेड्यापाड्यांतील बोली टिपण्याचें काम सुरू झालें. शेतकऱ्याला वस्तूचें नांव विचारावें आणि उत्तर ध्वनिचिन्हांत लिहून घ्यावें, असा तो क्रम होता. १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें व काम अपुरें राहिलें. १९३९ सालीं तो विद्वान देशत्याग करून गेला, तेव्हां ती टिपणें त्यानें जिवापाड जपून बरोबर नेलीं. १९५१ सालीं तीं माद्रिदला परत आलीं व १९६२ सालीं नकाशांचा पहिला खंड निघाला. ज्या शेतकऱ्यांना कोणी शुद्ध बोलणारे म्हटलें नसतें, त्यांचे शब्द वाचविण्यासाठीं एवढा खटाटोप झाला.

विद्यार्थ्यानें यांतून काय घ्यावें? कोणतें तरी एक वळण निवडावें व तें निष्ठेनें गिरवावें. माद्रिदचें घेतलें तर दोन वर्णांतला भेद कसोशीनें पाळावा. मेक्सिकोचें घेतलें तर ओशाळूं नये. जिभेला एक घर पुरे. कानाला मात्र सगळ्या घरांचीं दारें उघडीं असावींत.